सातवा रांजण

नोव्हेंबर उजाडला की सुकजाबाईंच्या टपालपेटीत पोरापोरींची पत्रं यायला लागायची. कॉलेजप्रवेशाची ती मोठी परीक्षा त्याच महिन्यात, आणि बाईंची एक कथा पाठ्यपुस्तकात. मग काय विचारता! 'आदरणीय लेखिकाबाई, रांजण हे कशाचं प्रतीक आहे ते तुमच्या शब्दांत कळवाल का? आमच्या सरांच्या मते पर्याय तीन बरोबर, पण माझी मैत्रीण पर्याय चार म्हणते.' बाई चष्मा लावून पत्र वाचायच्या, पुन्हा घडी घालायच्या आणि खोक्यात टाकून द्यायच्या. पहिली काही वर्षं त्यांनी उत्तरं दिली होती. रांजण म्हणजे रांजण, असं एकीला लिहिलं, तर तिच्या आईचा फोन आला की बाई, मुलीच्या आयुष्याचा प्रश्न आहे, थट्टा करू नका, काय ते नीट सांगा. तेव्हापासून बाईंनी हात टेकले.

कथा तशी साधी. नऊ माणसांचं घर. सासू वारल्यावरच्या पहिल्याच हिवाळ्यात सून एकटीने सगळ्या घराची हिवाळाभराची किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालते. कोबीचे गड्डे मिठात मुरवते, पानापानाला तिखट चोळते, घरामागे उत्तरेच्या बाजूला खड्डे खणून सात रांजण गळ्यापर्यंत पुरते. सासूशी तिचं हयातभर पटलेलं नसतं. मार्चमध्ये ती शेवटचा रांजण उघडते, एक पान तोंडात घालते, आणि चव हुबेहूब सासूच्या हातची निघते. संपली कथा. अकरा पानं.

पाठ्यपुस्तकात मात्र खाली बारीक अक्षरात टीप होती. सात रांजण म्हणजे हुकूमशाहीचे सात हिवाळे. जमिनीत पुरलेली किमची म्हणजे जनतेचा दडपलेला आवाज, जो बर्फाखाली मरत नाही, मुरत राहतो. उत्तरेची सावली म्हणजे अमुक, तिखटाचा लाल रंग म्हणजे तमुक. वाक्यं चांगली होती. बाईंना ती चांगली वाटणारच, कारण जवळजवळ सगळी त्यांचीच होती. फक्त ती कुठे बसून लिहिली होती, ते टीपेत नव्हतं.

त्या वर्षी पत्रांच्या मागोमाग यॉनसिलही आली. हातात संत्र्यांची पेटी, अंगात जाड काळा कोट, वय चोपन्न. दार उघडल्या उघडल्या बाईंनी तिचे कान बघितले आणि ही कोण ते त्यांना कळलं. असे बाहेर आलेले कान हामगोक गावात एकाच माणसाचे होते. ग्वाक दोंगसू, शाळेतले विज्ञानाचे मास्तर. बाई त्याच शाळेत भाषा शिकवायच्या. शिक्षक मंडळींचं एक त्रैमासिक निघायचं, सायक्लोस्टाइल केलेलं, आणि त्याचे संपादक, लेखनिक, शाई लावणारे, टाचण्या मारणारे सगळं ग्वाकमास्तरच. बाईंची कथा पहिल्यांदा छापली ती त्यांनी, एकोणऐंशीच्या जानेवारीत.

आणि त्याच कथेपायी ते अडीच वर्षं तुरुंगात गेले. बाई गेल्या नाहीत.

यॉनसिल खाली बसली, चहाचा कप दोन्ही हातांत धरून. वडिलांची केस पुन्हा उघडली होती म्हणे. तिने अर्ज केला होता, न्यायालयाने तो मान्य केला, डिसेंबरच्या नऊ तारखेला सुनावणी. सीमेपलीकडच्या शत्रूची भलामण केल्याचा जो डाग बापाच्या नावावर त्रेचाळीस वर्षं होता तो धुऊन निघणार होता, आणि बापाच्या बाजूने बोलायला जिवंत असं एकच माणूस उरलं होतं. बाईंना हे कधी ना कधी येणार हे ठाऊक होतं. येईन, म्हणाल्या. नाही कसं म्हणणार होत्या?

पण पोरगी उठेना. संत्र्याचं साल सोलत, फोडी न खाता बशीत मांडत ती बोलत राहिली. ती स्वतः परीक्षेच्या क्लासमध्ये भाषा शिकवत होती. बाईंची कथा तिने सव्वीस वर्षं शिकवली होती. रांजणांपाशी आली की ती दर वर्षी मुलांना सांगायची, की मूळ हस्तलिखितात पाच रांजण होते, ते सात करणारा माणूस माझा बाप. एका आकड्यात त्याने सगळ्या सरकारला सुनावलं आणि त्याची किंमत मोजली. वर्गातली झोपाळू पोरंसुद्धा तेव्हा मान वर करायची, असं तिने सांगितलं. हे सांगताना तिचा चेहरा इतका उजळला की बाईंना तिच्याकडे बघवेना.

"बाई, तुमच्याकडून कबुलीजबाब जबरदस्तीने लिहून घेतला, एवढं सांगा," ती म्हणाली. "पण बाबांच्या मनात काही नव्हतंच, असं मात्र म्हणू नका."

"मग काय म्हणू?"

"आठवत नाही म्हणा. तुमच्या वयाला कोण हटकणार आहे?"

ती गेली. संत्र्याच्या फोडी बशीत सुकत होत्या. आठवत नाही म्हणायचं! त्यांना काल दुपारी गोळी घेतली की नाही ते आठवत नव्हतं, पण ते चार दिवस मात्र तारीखवार पाठ होते.

शाळेतूनच उचललं होतं त्यांना, शिक्षकांच्या खोलीतून, फेब्रुवारीत. एक टेबल, दोन खुर्च्या, आणि समोर राखाडी स्वेटर घातलेला एक माणूस. नाव त्याने सांगितलं नाही. पहिल्या दिवशी त्याचा एकच धोशा, रांजण उत्तरेलाच का पुरले? सीमेपलीकडे उत्तरेला कम्युनिस्ट आहेत ते ठाऊक आहे ना? बाईंना आधी हसू आलं. त्यांनी समजावून सांगितलं, की साहेब, उत्तरेच्या बाजूला ऊन येत नाही, ऊन लागलं की किमची आंबते, अख्ख्या मुलखात सगळे तिथेच पुरतात. त्याच्या स्वतःच्या डब्यात त्याच्या बायकोने दिलेली किमची होती, तीही असल्याच कुठल्या तरी उत्तरेच्या खड्ड्यातून आलेली. ती चावत चावत त्याने बाईंचं सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा विचारलं, उत्तरेलाच का? दुसरा दिवस तिखटाच्या लाल रंगात गेला. या माणसाने सुतावरून स्वर्ग गाठायचा हे घरूनच ठरवून आणलं होतं.

तिसऱ्या दिवशी त्याने दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. बाईंच्या अक्षरातलं हस्तलिखित, त्यात पाच रांजण. छापलेला अंक, ग्वाकमास्तरांच्या अक्षरातला, त्यात सात. पाचाचे सात कुणी केले? बाईंनी क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं, ग्वाकमास्तरांनी. खरं होतं ते, आणि त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. का केले, तेही सांगितलं. त्या माणसाने दोन्ही कोपर टेबलावर टेकले. "तुम्ही भाषेच्या शिक्षिका ना?" तो म्हणाला. "मग तुम्हाला कळायला हवं, की कथेत कुणी उगाच काही लिहीत नसतं."

वर्गात बाई स्वतः हेच वाक्य म्हणत आल्या होत्या.

चौथ्या दिवसापर्यंत त्यांना झोपू दिलं नव्हतं. मारलं नाही, फक्त उभं ठेवलं. पाय सुजून बुटातून निघेनात. मग खुर्ची दिली, रेघांचा कागद दिला, आणि सात म्हणजे काय ते लिहा म्हणून सांगितलं. ग्वाकने तुम्हाला काय समजावलं ते लिहा. सात हिवाळे झाले ना हो ही राजवट येऊन? आणि बाईंनी लिहिलं. दीड पान, रेघ न सोडता. एके ठिकाणी 'सडत नाही' असा शब्द आला होता तो खोडून त्यांनी 'मरत नाही, मुरत राहतो' केलं, कारण ते जास्त बरं वाटत होतं. डोळे मिटत होते, पायांतून कळा येत होत्या, आणि त्या वाक्य सुधारत होत्या. त्रेचाळीस वर्षं त्यांच्या मानेवर बसून होता तो हा एक शब्द. नुसती कबुली असती तर माणसाने स्वतःला माफही केलं असतं.

संध्याकाळी त्यांना सोडलं. सहकार्य केलं म्हणून शिक्षा नावापुरती, तीही स्थगित. दीड पानाच्या आधारावर ग्वाकमास्तर आत गेले. शाळा गेली, पेन्शन गेली, थंड फरशीवर फुप्फुसं गेली. सुटून आल्यावर मंडईच्या कोपऱ्यात रेडिओ दुरुस्तीची टपरी टाकली. बाई तो रस्ताच टाळायच्या. तरी एकदा मुळे घ्यायला गेल्या आणि समोरासमोर गाठ पडली. मास्तरांनीच आधी वाकून नमस्कार केला. काही लिहिता का अजून, म्हणून विचारलं. बाईंनी नाही म्हणून मान हलवली.

"लिहीत जा हो, बाई," ते म्हणाले. "मी आता फक्त रेडिओ दुरुस्त करतो. कथेला हात लावत नाही."

हसून म्हणाले, चिडून नाही. चिडून म्हणाले असते तर परवडलं असतं. बाईंनी त्यानंतर कथा लिहिली नाही.

पुढे दिवस पालटले. राजवट गेली, निवडणुका आल्या, आणि चौऱ्याण्णव साली एका प्राध्यापकाला दप्तरखान्यात त्या खटल्याची फाइल सापडली. तो टेपरेकॉर्डर घेऊन बाईंकडे आला, भारावलेला. अशा काळात, अशा गावात, अशी कथा! बाई गप्प राहिल्या. त्यांचं गप्प राहणं त्याला विनय वाटलं. त्याने लेख लिहिला, लेखातून टीप झाली, टीप पाठ्यपुस्तकात गेली. अर्थ तोच, राखाडी स्वेटरवाल्याने काढून घेतलेला. तेव्हा तो गुन्हा होता, आता गौरव. हामगोकच्या बसस्थानकापुढे कथेतली एक ओळ कोरलेला दगडसुद्धा बसवला गेला. बाई तेव्हा बोलू शकल्या असत्या. नाही बोलल्या. थकल्या होत्या हे तर झालंच, पण खोटं कशाला सांगा, त्यांना बरंही वाटलं होतं. जन्मात पहिल्यांदा कुणी तरी टाळ्या वाजवत होतं. ग्वाकमास्तर तेव्हा जिवंत होते. तीन वर्षांनी गेले.

सुनावणीच्या आठवडाभर आधी यॉनसिलच्या वकिलाचा फोन आला. पियो नावाचा तरुण मुलगा, चाचरत बोलणारा पण प्रामाणिक. त्याने आडपडदा न ठेवता सांगितलं, की ग्वाकमास्तरांच्या मनात काही हेतू होता याला पुरावा म्हणून फाइलमध्ये तुमचं ते दीड पान सोडून दुसरं काहीच नाही. अडचण अशी आहे, बाई, की ते फारच चांगलं लिहिलंय. जबरदस्तीने लिहिणारा माणूस असं लिहीत नाही, असं न्यायाधीशांना वाटू शकतं. तुम्ही आठवत नाही म्हणालात तर कागद तसाच उभा राहतो. तो खोटा आहे, असं तुम्हालाच म्हणावं लागेल.

बाईंनी यॉनसिलला फोन लावून हे सांगितलं. पलीकडे क्लासच्या पोरांचा गलका ऐकू येत होता. दार लोटल्याचा आवाज आला, गलका थांबला. यॉनसिलने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, की तिला दोन्ही हवंय. बाप निर्दोषही हवा आणि बापाने जे केलं ते जाणूनबुजून केलेलंही हवं. त्रेचाळीस वर्षांनी दोन गोष्टी मागितल्या तर जास्त झाल्या का, बाई? जास्त नव्हत्याच झाल्या. फक्त त्या दोन्ही एका तोंडाने देता येत नव्हत्या.

आठवडाभर त्यांना अन्न गोड लागलं नाही. एक मन म्हणे, कशाला आता? मेलेल्या माणसाला मोठं राहू दे, पोरीला तिचा बाप राहू दे, तुलाही तुझा दगड राहू दे. सगळ्यांचं भलं. दुसरं मन काहीच म्हणत नव्हतं, फक्त मंडईतला तो नमस्कार पुन्हा पुन्हा दाखवत होतं. बाई इतक्या शिणल्या होत्या की ऐनवेळी ताप येईल तर बरं, असंही वाटून गेलं. ताप आला नाही.

नऊ तारखेला बर्फ पडत होता. न्यायालयाची खोली लहान, हीटर जोरात, बाकांवर मोजून सात-आठ माणसं. यॉनसिल पहिल्या रांगेत, मांडीवर वडिलांचा फोटो उपडा धरून. न्यायाधीश चाळिशीची बाई होती. तिने आधी कागदपत्रं चाळली आणि मग चष्मा काढून सांगितलं, की हा प्रश्न मलाही परीक्षेला आला होता. पर्याय तीन निवडला, गुण मिळाले. दोन-तीन माणसं हसली. सरकारी वकील खाली बघून काही तरी लिहीत राहिला, त्याला या भानगडीत फारसा रस दिसत नव्हता.

मग बाईंना उभं केलं. बसून बोललात तरी चालेल, असं न्यायाधीश म्हणाली. बाई उभ्याच राहिल्या.

चार दिवसांचं जे काही होतं ते त्यांनी सांगितलं. कुठे नेलं, किती उभं ठेवलं, कागद कुणी दिला. आवाज शांत होता, वर्गात हजेरी घ्यावी तसा. न्यायाधीशाने ते दीड पान उचलून विचारलं, की हा मजकूर त्या अधिकाऱ्याने तोंडी सांगितला का.

"नाही," बाई म्हणाल्या. "काय हवंय ते त्याने सांगितलं. वाक्यं माझी आहेत. त्याला इतकं चांगलं लिहिता येत नव्हतं."

खोलीत जराशी चुळबुळ झाली. वकील पियोने कपाळाला हात लावला.

"मग यातला अर्थ खरा आहे की खोटा?"

बाईंनी पहिल्या रांगेकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. तरी बघितलं. यॉनसिल त्यांच्याकडेच बघत होती आणि अगदी किंचित मान हलवत होती, नाही, नाही. ते बाहेर आलेले कान लाल झाले होते. आठवत नाही, एवढे दोन शब्द. बाईंच्या जिभेवर ते आलेसुद्धा होते.

"खोटा," त्या म्हणाल्या. "स्टेन्सिल कापायच्या आदल्या दिवशी ग्वाकमास्तर माझ्या टेबलापाशी आले. म्हणाले, बाई, माणसं नऊ आणि रांजण पाच? तुमच्या घरातली माणसं फेब्रुवारीत कोरडा भात खातील. सात तरी करा. मी म्हटलं, करा. एवढंच बोलणं झालं. त्यांच्या डोक्यात कोबी होता, दुसरं काही नव्हतं. हे मी तिसऱ्या दिवशी त्या माणसाला सांगितलं होतं. त्याने ऐकलं नाही. नंतर पुष्कळ चांगल्या माणसांनी तो अर्थ घेतला, तेव्हा मी सांगितलं नाही. ग्वाकमास्तर जिवंत असताना सांगायला हवं होतं."

दाराशी उभा असलेला म्हातारा शिपाई आपल्याशीच पुटपुटला, पाचात नऊ जणांचं कुठलं भागायला. न्यायाधीशाने त्याच्याकडे बघितलं, पण दटावलं नाही. तिने बराच वेळ लिहिलं. निकाल जानेवारीत, असं सांगून ती उठली. बाहेर व्हरांड्यात पियोने बाईंचा हात हातात घेतला आणि आता काळजी नको म्हणाला. यॉनसिल तिथे थांबली नव्हती.

हामगोकची बस तासाभराने होती. समोर सुरीने कापलेल्या शेवया गरम रश्श्यात देणारं एक हॉटेल होतं आणि बर्फ अंगावर येत होता, म्हणून दोघी एकाच टेबलाशी येऊन बसल्या, नाही तर यॉनसिल त्यांच्याबरोबर कुठली बसायला. वाफाळते वाडगे आले, मध्ये किमचीची बशी. यॉनसिलने चॉपस्टिक्स उचलल्या आणि परत ठेवल्या.

"सव्वीस वर्षं," ती म्हणाली. "सव्वीस वर्षं पोरांना काय सांगत होते मी? कोबी?"

माफी मागावी तर ती इतकी उशिरा होती की कोणत्या तोंडाने मागणार. बाई वाडग्यातला रस्सा चमच्याने हलवत राहिल्या.

"ते पाठ्यपुस्तक आलं तेव्हा मी त्यांना टीप वाचून दाखवली होती," यॉनसिल म्हणाली. "खाटेवरच होते. सगळी ऐकली आणि भिंतीकडे तोंड केलं. मी म्हटलं, केवढा विनय माणसाचा."

"तुमच्या घरात तेव्हा किती माणसं होती गं?" बाईंनी हळूच विचारलं. हा प्रश्न त्यांना इतक्या वर्षांत कधी सुचला नव्हता. आज बोलता बोलता सुचला.

"कधी?"

"एकोणऐंशीत."

यॉनसिलने मनात मोजलं. आजी-आजोबा, आईबाबा, आत्या, आम्ही भावंडं चार. "नऊ," ती म्हणाली. आणि थबकली.

"आणि रांजण?"

यॉनसिल समोरच्या बशीकडे बघत राहिली. किमची जुनी होती, आंबलेली, कडेला पाणी सुटलेलं. बाईंना वाटलं आता ही उठून जाईल. ती उठली नाही. बोलायला लागली तेव्हा आवाज अगदी बारीक झाला होता.

"सात होते. आजीचे. दर नोव्हेंबरला बाबा खड्डे खणायचे. पण तुरुंगातून आल्यावर सहाच खणायला लागले. सातवा रांजण आत, स्वयंपाकघरात, उबेत. नवीन वर्षाच्या आतच आंबून जायचा. आई दर वर्षी भांडायची, की मागे एवढी जागा पडलीय, एक खड्डा जास्त खणायला काय धाड भरते? ते गप्प. मग तीच किमची आमच्या डब्यात. आंबट ढाण. डबा उघडला की मैत्रिणी नाकं मुरडायच्या. मी पंधरा वर्षांची होते, बाई. एक दिवस डबा त्यांच्यापुढे आपटला आणि म्हटलं, तुम्ही शाळेत शिकवत होता ना? सातपर्यंत मोजता येत नाही तुम्हाला?"

बाईंचा चमचा थांबला.

"काय म्हणाले?"

"काही नाही. डबा जवळ ओढला. म्हणाले, इकडे दे, आंबट मी खातो."

बाहेर बस येऊन लागली, ड्रायव्हर काच पुसत होता. यॉनसिलने किमचीची बशी आपल्याकडे घेतली आणि ती आंबलेली पानं एकेक करून, भाताशिवाय खायला लागली. डोळ्यांतलं पाणी तिने पुसलं नाही. बाई बसून राहिल्या. ती बस गेली, आणि पुढची बस दोन तासांनी होती.